सीएनजी बसवल्यावर मागच्या स्प्रिंगा: कडक घ्यायच्या की नुसत्या नव्या घ्यायच्या?

कोकणगाडी (धागाकर्ता)

मंडळी, गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट. बाहेरून सीएनजी किट बसवलंय, आरसीवर रीतसर नोंद आहे. साठ लिटरचं सिलिंडर डिकीत आडवं. पुण्यात एकट्याने ऑफिसला जाता-येता काही त्रास नाही. पण आई-बाबा, बायको, मुलगी बसली, वर कॅरियरवर बॅगा चढल्या आणि उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो की गाडी मागून पार बसते. गतिरोधकावर सायलेन्सरचा डबा घासतो. त्याहून वाईट म्हणजे कुंभार्ली घाटात खड्ड्यातून गेलं की मागून 'धडाम्' असा आवाज येतो, आणि आईचं कमरेचं दुखणं गुहागर येईपर्यंत जागं होतं.

एका गॅरेजवाल्याने स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर दिले. 'लाइफटाइम' म्हणाला होता. पहिल्याच पावसाळ्यात एक बाजूचा फिरून तिरका झाला, म्हणून दोन्ही काढून टाकले.

आता सल्ले तीन प्रकारचे मिळतायत. एक, चांगल्या कडक स्प्रिंगा टाक. दोन, स्प्रिंग काढून पाटेवाल्याकडून (ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगा दुरुस्त करणारा) ताव देऊन 'उघडून', म्हणजे ताणून उंच करून घे, स्वस्तात काम. तीन, शॉकअप बदल. चौथा सल्ला बायकोचा आहे, गाडी विक. तो तूर्त बाजूला ठेवू.

जाणकारांनी कृपया सांगावं.

शॉकअप_शंकर

कडक टाका हो बिनधास्त. मी माझ्या गाडीत जेवढी मिळेल तेवढी कडक टाकली, आता पाच माणसं बसली तरी हूं की चूं नाही.

मीनल_के

शंकरभाऊ, आणि एकटे असताना?

शॉकअप_शंकर

एकटा असताना थोडी उडते. पण सवय होते.

टॉर्शनबीम

'थोडी उडते' मध्येच सगळं आलं. :)

चाकणला सस्पेन्शनचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी सगळं पुढे. रिकाम्या गाडीचं साधारण साठ-बासष्ट टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. मागे काय? पत्रा, सीट, पेट्रोलची टाकी. पण भरायला लागलात की हिशोब उलटा होतो. मागच्या सीटवरची माणसं मागच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढे बसतात, डिकी तर अ‍ॅक्सलच्याही मागे. त्यामुळे वाढलेल्या वजनातलं दोन तृतीयांशाहून जास्त मागच्या चाकांवर जातं. पुढच्या स्प्रिंगला रोज जवळजवळ सारखंच ओझं उचलायचं असतं. मागच्या स्प्रिंगला मात्र एकट्या माणसाचीही सोय बघायची आणि अख्ख्या खानदानाचीही. म्हणून या गाड्यांत मागची स्प्रिंग निवडणं जास्त अवघड.

कोकणगाडी, अंदाजाने सांगण्यापेक्षा आकडे द्या. तीन गोष्टी करा.

वजनकाट्यावर जा. गाडी एकट्याने, गॅस भरलेला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. तेच पुन्हा सगळे बसवून, बॅगांसकट.

दोन्ही वेळा मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा मध्ये येते. मोजण्याआधी गाडी थोडी पुढेमागे ढकला आणि डिकीवर दोन-तीनदा दाबून सोडा, नाहीतर सांध्यांतल्या रबरी बुशांचा अडकाव आकडा खोटा दाखवतो.

तिसरं, बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी ज्यावर टेकते तो रबरी ठोकळा) कणकेची गोळी चिकटवून ठेवा. भरलेल्या गाडीने काट्यापर्यंत हळू जा, मग मोबाइलचा टॉर्च मारून बघा ती किती चेपली.

शंकासुर

कणीक? माझी बायको विचारणार हे काय चाललंय. तोपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसतो.

अण्णा_संगमेश्वर

पंचवीस वर्षं गॅरेज आहे आमचं, मोबाइलवर टायपायला वेळ लागतो, समजून घ्या.

पाटेवाल्याकडून कॉइल उघडून घेऊ नका. पाट्याची गोष्ट वेगळी, त्याला बाक देऊन पुन्हा पाणी देणारे (तापवून, विझवून पोलाद टणक करणारे) कारागीर आहेत. कॉइलला भट्टीत ताव दिला की कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. उंच दिसते, दोन-तीन महिन्यांत परत बसते, आणि दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत. मग गाडी तिरकी. गिऱ्हाईक येऊन म्हणतं अलाइनमेंट करा.

कापणं तर बिलकूल नको. उंची कमी करायला पोरं एक वेटोळं कापतात. जॅक लावला की स्प्रिंग तिच्या बैठकीत खुळखुळते. गाडी खड्ड्यात चाक सोडते तेव्हाही तेच होतं.

आणि एक सांगतो. किनाऱ्यावरच्या गाडीची स्प्रिंग तुटते ती नेहमी खालच्या शेवटच्या वेटोळ्यात. खाली रबराची गादी असते तिथे चिखल आणि खारं पाणी साचतं, रंग घासला जातो, गंज धरतो. वरून स्प्रिंग चकचकीत दिसेल. गादी उचलून बघा. तुमचे बफर असायचे तिथेही बोट फिरवून बघा.

मीनल_के

माझी २०१२ ची गाडी आहे, सीएनजी नाही. मागून खाली आली होती. सगळे म्हणाले स्प्रिंग मऊ झाली, जाड टाका. मी कंपनीच्याच, मूळ नंबरच्या नव्या टाकल्या आणि गाडी होती तशी झाली. म्हणजे स्प्रिंग जुनी होऊन मऊ होते हे खरं का?

टॉर्शनबीम

मीनलताई, नेमका प्रश्न.

जुनी स्प्रिंग मऊ होत नाही, बुटकी होते. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यावर ठरतो. दहा वर्षांनी यातलं काहीच बदललेलं नसतं, अगदी गंजून तार झिजली तरच फरक पडतो. होतं काय, की सतत ताणाखाली राहून पोलाद कणाकणाने कायमचं दबतं. मोकळी उंची दहा-पंधरा मिमी कमी होते. तेवढी गाडी खाली. खाली आली की बंप स्टॉप जवळ आला. मग खड्ड्यात दणका, आणि दणका बसला की माणूस म्हणतो 'मऊ झाली'.

उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंचीची तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो आणि कडकपणा विकत घेऊन येतो. तुमच्या गाडीवर कायमचं ओझं वाढलेलं नव्हतं, त्यामुळे मूळ नंबरची स्प्रिंग हेच उत्तर होतं. इथे सिलिंडर कायम डिकीत बसलंय, म्हणून कोकणगाडींचा प्रश्न थोडा निराळा.

घाटवळण

मी जरा वेगळ्या कारणासाठी कडक मागच्या स्प्रिंगचा पक्षधर आहे. पुढच्या चाकाच्या गाडीत पुढच्याच टायरने ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचंही बरंचसं काम करायचं. जोरात वळणावर घेतली की नाक बाहेर जातं. मागची बाजू कडक केली की वळणात वजनाची जास्त अदलाबदल मागच्या दोन चाकांत होते, पुढच्या टायरला जरा उसंत मिळते, नाक आत येतं. रॅलीत मागचं आतलं चाक हवेत उचललेल्या हॅचबॅक बघितल्या असतील, त्या याच कारणाने. मागचं चाक गाडी ओढत नाही, उचललं गेलं तर गेलं.

टॉर्शनबीम

अगदी बरोबर, ट्रॅकवर. पण आई-बाबांना घेऊन पावसात कुंभार्ली उतरताना 'नाक आत येतं' याचा अर्थ 'बूड बाहेर जातं' असाही होतो. ओला रस्ता, उतार, वळणात अचानक समोर म्हैस, अ‍ॅक्सलरेटरवरून पाय उचलला. वजन पुढे धावलं. रिकाम्या गाडीची मागची चाकं आधीच हलकी, त्यात स्प्रिंग कडक असेल तर खडबडीत रस्त्यावर टायर नीट टेकत नाही. नेमकी तेव्हा मागची बाजू सुटते. कंपन्या सामान्य गाडी नाक बाहेर जाणारी ठेवतात ती मुद्दाम, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि अशी गाडी पाय उचलल्यावर सावरते.

अवांतर: या हॅचबॅकमध्ये मागे जो टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असतो, तो पिळला जातो तेव्हा स्वतःच अँटी-रोल बारचं काम करतो. म्हणजे कलंडणं रोखायला मागे आधीच काहीतरी आहे, सगळं स्प्रिंगवर सोडलेलं नाही.

कोकणगाडी

आकडे आणले! खडीच्या क्रशरजवळचा काटा, तिथल्या माणसाने आधी वेड्यात काढलं, मग स्वतःच उत्साहाने 'आता पुढची चाकं घ्या' म्हणायला लागला. काटा दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो.

एकटा, गॅस फुल: पुढे ६५०, मागे ४७० किलो. चाकाच्या मध्यापासून फेंडर ३५५ मिमी.

सगळे आणि बॅगा: पुढे ७३०, मागे ६८०. उंची ३१० च्या आसपास, डाव्या-उजव्यात दोन-तीन मिमीचा फरक.

मित्राची याच मॉडेलची गाडी, सीएनजी नाही, स्प्रिंगा नुकत्याच नव्या घातलेल्या: एकटा बसलेला असताना मागे ४०० किलो आणि उंची ३८५.

कणकेची गोळी चेपली होती, पण पूर्ण सपाट नाही. भरलेली गाडी उभी असताना बंप स्टॉप आणि त्याच्या बैठकीमध्ये करंगळी जाईल इतकीच फट, बारा मिमी धरा.

अण्णा, खालच्या गादीखाली गंज आहे, पापुद्रे निघाले. बफर होते तिथेही रंग उडालाय.

टॉर्शनबीम

वा. इतके स्वच्छ आकडे आमच्या लॅबमध्येही एका दिवसात मिळत नाहीत. हिशोब मांडतो. अंगाला काटा येणाऱ्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

माणसं आणि सामान मिळून २९० किलो चढलं, त्यातलं २१० मागे. बहात्तर टक्के.

मागे २१० म्हणजे एका चाकावर १०५ किलो. तेवढ्याने गाडी ४५-४६ मिमी बसली. बंप स्टॉप टेकलेला नव्हता, म्हणजे हा आकडा शुद्ध स्प्रिंगचा. चाकापाशी मोजलेला कडकपणा साधारण सव्वादोन किलो दर मिलिमीटरला. (स्प्रिंग स्वतः याहून कडक असते, कारण ती बीमच्या हातावर चाकाच्या मध्याच्या पुढे बसते आणि चाकापेक्षा कमी हलते. तो फरक वर्गाच्या पटीत येतो. पण आपण टक्क्यांत बोलू, म्हणजे त्याची भानगड राहत नाही.)

आता चाकं, ब्रेक, बीमचा भाग असं स्प्रिंगच्या खालचं वजन मागे मिळून सत्तर किलो धरू. ते वजा केलं की स्प्रिंगवर खरा भार असा पडतो, एका चाकाला: मित्राची गाडी १६५ किलो, तुमची एकट्याने २००, तुमची भरलेली ३०५.

मूळ गाडीच्या मानाने तुमचा रोजचा, कायमचा भार २०० भागिले १६५, म्हणजे एकवीस टक्के जास्त आहे. स्प्रिंगही तेवढीच कडक करायची. सव्वादोनची पावणेतीन. बस्स. गंमत बघा, १६५ किलोला सव्वादोनची स्प्रिंग ७३ मिमी दबते आणि २०० किलोला पावणेतीनची सुद्धा ७३ मिमीच दबते. म्हणजे मोकळी उंची मूळ स्प्रिंगइतकीच ठेवली तरी गाडी आपोआप मूळ उंचीवर उभी राहणार. आणि मागची बाजू एकट्याने चालवताना सेकंदाला किती वेळा खालीवर होते, तेही मूळ गाडीइतकंच राहतं, सुमारे १.८५. म्हणजे एकट्याने चालवताना तुम्हाला काही वेगळं जाणवणार नाही.

तुमच्या ३८५ आणि ३५५ मधल्या तीस मिमीचा हिशोबही लागतो. सिलिंडरचे पस्तीस किलो दर चाकाला, त्याने साडेपंधरा मिमी. उरलेले चौदा-पंधरा स्प्रिंग म्हातारी झाल्याचे. म्हणजे निम्मी तक्रार सीएनजीची आणि निम्मी वयाची.

आणि 'धडाम्' का येतं? भरलेल्या गाडीत चाकाला वर जायला फक्त बारा मिमी जागा उरते. साध्या खड्ड्यातही चाक त्याहून जास्त उचललं जातं.

आता पर्याय शेजारी ठेवतो. मूळ नंबरच्या नव्या स्प्रिंगा टाकल्या तर एकट्याने ३७०, भरून ३२३ च्या आसपास. वीस-बावीस टक्के कडक टाकल्या तर एकट्याने ३८५ च्या जवळ आणि भरून ३४५. शंकरभाऊंच्या वाटेने पन्नास-साठ टक्के कडक टाकल्या तर भरलेली गाडी झकास चालेल, वर्षातून गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात. एका लग्नाच्या पावसासाठी वर्षभर गमबूट घालून फिरण्यातला प्रकार.

माझं मत: कायमच्या भारासाठी स्प्रिंग कडक करा, पाहुण्या भारासाठी नको. तुम्हाला वीस टक्के.

शॉकअप_शंकर

मास्तर, माझ्या गाडीत सीएनजी नाहीच, आणि मी एकटाच असतो. आता काय करू ते सांगा.

टॉर्शनबीम

मूळच्या स्प्रिंगा ठेवल्यात ना माळ्यावर? उतरवा.

मीनल_के

वीस टक्के कडक ओळखायची कशी? दुकानात 'हेवी ड्युटी' एवढंच लिहिलेलं असतं.

टॉर्शनबीम

व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. तारेची जाडी चौथ्या घातात येते. बाकी सगळं सारखं असताना ११ मिमीची तार साडेअकरा केली की कडकपणा एकोणीस-वीस टक्के वाढतो. १२ केली तर बेचाळीस टक्के! अर्धा मिलिमीटर नुसत्या डोळ्याला कळत नाही, आणि दुकानदार 'थोडी जाड आहे' म्हणतो तेव्हा तुमच्या हातात वीस टक्के आहेत की चाळीस, हे त्यालाही माहीत नसतं. मोजताना रंगाचा थर लक्षात ठेवा, पावडर कोटिंगने आकडा फुगतो. जमलं तर टोकाला रंग उडालेल्या जागी मोजा.

त्यानंतर वेटोळी मोजा. वरची-खालची टेकलेली वेटोळी काम करत नाहीत, मधली मोकळी तेवढीच धरायची. सहाची पाच झाली तर पुन्हा वीस टक्के वाढ, तार तीच असली तरी.

मूळ स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, तो तिच्या प्रकाराचा खुणेचा रंग. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगळे रंग असू शकतात. मोडीतून आणणाऱ्यांनी हे नक्की बघावं. पार्ट नंबर जुळवल्याशिवाय 'त्याच कंपनीची आहे, बसते' यावर जाऊ नका.

कंपनीच्या सीएनजी आवृत्तीची मागची स्प्रिंग मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्यांनी हाच हिशोब आधीच केलेला असतो. पण स्विफ्टला कंपनीचं सीएनजी २०२२ मध्ये आलं, ते पुढच्या पिढीच्या गाडीत. २०१४ च्या गाडीला ते तयार उत्तर नाही.

शंकासुर

एक शंका. त्या स्प्रिंगच्या पोटात बसणाऱ्या हवेच्या पिशव्या येतात ना? एकटा असलो की हवा कमी, सगळे असले की पंपाने भरायची. त्या का नाही?

टॉर्शनबीम

चांगला पर्याय आहे, खास करून पाहुण्या भारासाठीच आहे. एकटे असताना पाचेक पीएसआय, भरल्यावर वीस-पंचवीस. अट एकच, स्प्रिंगच्या पोटात जागा हवी. काही गाड्यांत बंप स्टॉप स्प्रिंगच्या आतच असतो, मग पिशवी बसवायला लोक तो कापतात. ते करू नका. पिशवी फुटली त्या दिवशी पोलाद पोलादावर आपटेल. शिवाय दोन्ही पिशव्या एका नळीने जोडल्या तर वळणात बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत पळते आणि गाडी जास्त कलते. दोन वेगळ्या नळ्या ठेवा.

नाममात्र_वकील

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. सीएनजी किटला मान्यता घेऊन परवानगी आहे आणि धागाकर्त्यांनी नोंद केलेली आहे, छान. मूळ उंचीवर आणणारी स्प्रिंग म्हणजे दुरुस्ती, गाडी दोन-तीन इंच उचलणं म्हणजे फेरफार. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो, हे ध्यानात असू द्या. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. झाली आहे ना?

कोकणगाडी

झाली आहे. पट्टी लावलेली आहे.

स्टुटगार्ट_सदाशिव

इकडे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी असते, तुटलेली स्प्रिंग दिसली की सरळ नापास. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे अण्णा म्हणतात तशीच खालच्या वेटोळ्यात तुटते. मूळ नसलेली स्प्रिंग टाकली तर तिचं प्रमाणपत्र घेऊन तपासनीसाकडे जायचं. इथे कोणी वीस टक्के की चाळीस असं विचारत बसत नाही, कागदावर जे असेल ते.

अण्णा_संगमेश्वर

बसवायचं सांगतो. टॉर्शन बीमच्या गाडीला मागची स्प्रिंग काढायला स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर लागत नाही. बॉडी स्टँडवर घ्या, बीमखाली जॅक द्या, शॉकअपचे खालचे दोन्ही बोल्ट सोडा, जॅक हळूहळू उतरवा. स्प्रिंग हातात येते. उतरवताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, याकडे एकाने डोळे लावून बसायचं.

वरची-खालची रबराची गादी नवीच घाला, दोन-चारशे रुपयांसाठी चिंगूसपणा नको. स्प्रिंगचं टोक गादीच्या खाचेत टेकलंच पाहिजे. नाहीतर गाडी पहिल्या खड्ड्यात 'टक्क' करते आणि गिऱ्हाईक परत.

बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या बीमवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जुन्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे ठरवणारा एक व्हॉल्व्ह बीमला दांडीने जोडलेला असतो. तो असेल तर उंची बदलल्यावर त्याचं सेटिंग बघायचं. गाडी उंच झाली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक कमी देतो.

शॉकअप दाबून बघा. तेल गळत असेल तर जोडी बदला, एक नको.

टॉर्शनबीम

अण्णांना दंडवत. शॉकअपबद्दल एवढंच जोडतो: स्प्रिंग वीस टक्के कडक केली की तिला आवरायला शॉकअपचा जोर दहाएक टक्के जास्त हवा, वर्गमुळाचा हिशोब. चांगल्या स्थितीतला मूळ शॉकअप तेवढं सांभाळतो. पन्नास-साठ टक्क्यांना नाही सांभाळत. शंकरभाऊंची गाडी 'उडते' ती म्हणूनही.

कोकणगाडी

काम झालं. मिळालेल्या जोडीची तार साडेअकरा भरली, जुन्यांची अकरा, वेटोळी तेवढीच. गाद्या नव्या, शॉकअपही नवे, एक गळत होता.

एकट्याने ३८३. सगळे बसून, त्याच बॅगा चढवून ३४५. डाव्या-उजव्यात फरक नाही. करंगळीच्या जागी आता चार बोटांपैकी तीन सरळ आत जातात. एकट्याने चालवताना गाडी कडक झाल्याचं मला तरी कळत नाही. जुनी स्प्रिंग काढल्यावर खालचं वेटोळं हातोडीने ठोकलं तर एक पापुद्रा आख्खा सुटून आला, त्याचा फोटो टाकतो.

कुंभार्लीतून जाऊन आलो. मोठ्या खड्ड्यात अजून आवाज येतो, पण तो रबराचा. आईने पाटणनंतर एकदाही 'हळू घे रे' म्हटलं नाही, झोपली होती.

घाटवळण

हेडलाइट बघितले का? बूड वर आलं की झोत खाली येतो.

कोकणगाडी

हो, भिंतीसमोर लावून बघितले. आधी डॅशबोर्डवरचं झोत खालीवर करायचं चक्र एकटा असतानाही दोनवर ठेवायला लागायचं, आता शून्यावर बरोबर पडतो. भरल्यावर एक.

मीनल_के

भरलेल्या गाडीत मागच्या टायरला हवा किती ठेवता?

अण्णा_संगमेश्वर

दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागचा. तो कोणी वाचत नाही. तेवढी ठेवा, आणि निघायच्या आधी थंड टायरमध्ये भरा, पाटणला पोचून नाही.